दोन शहरांमधलं अंतर आणि विमानप्रवासाचा वेळ स्वतः कसा काढायचा

दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि 'उड्डाणाचा वेळ' दाखवणारी साधनं आता हवी तेवढी आहेत. त्यातली बहुतेक एकच गोष्ट करतात: दोन बिंदूंमधलं सरळ अंतर काढतात, त्याला एका ठरावीक वेगाने भागतात आणि उत्तर मिनिटापर्यंत छापतात. '९ तास १३ मिनिटं' हे वाचायला अचूक वाटतं, पण त्या तेरा मिनिटांना काही अर्थ नसतो. त्याच मार्गावर जाताना आणि येताना दीड-दोन तासांचा फरक सहज पडू शकतो आणि तो त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. त्यापेक्षा हिशेब स्वतः करावा. लागतो तो एक कॅल्क्युलेटर आणि थोडा संयम.

खाली मुख्य उदाहरण म्हणून टोकियो ते सॅन फ्रान्सिस्को हा मार्ग घेतला आहे. हिशेबातले जवळपास सगळे खाचखळगे या एकाच मार्गावर भेटतात.

आधी दोन टोकं पक्की करा

'शहर ते शहर' हे शब्द वाटतात तितके नेमके नाहीत. शहराचा मध्य धरायचा की विमानतळ? टोकियोचे हनेडा आणि नारिता हे दोन विमानतळ एकमेकांपासून सुमारे ६० किमीवर आहेत. लंडनच्या नावावर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, सिटी आणि साउथएंड असे सहा विमानतळ मोजले जातात. हवाई अंतरात या फरकाने फारसं बिघडत नाही, पण विमानतळ ते घर या टप्प्यात बिघडतं. त्यामुळे सुरुवातीलाच विमानतळाचं नाव आणि त्याचा तीन अक्षरी कोड लिहून ठेवा.

नावाची पण खात्री करा. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तशी कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे आणि ऑस्ट्रेलियाला निघालेले लोक तिथे उतरल्याच्या बातम्या खरोखर आलेल्या आहेत. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे, कोस्टा रिकाच्या राजधानीचं नावही तेच.

मग दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश दशांशात घ्या. कुठल्याही ऑनलाइन नकाशावर त्या जागी बोट दाबून धरलं की ते मिळतात. आपल्या उदाहरणात:

हनेडा: ३५.५५ उत्तर, १३९.७८ पूर्व
सॅन फ्रान्सिस्को: ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम

दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे धरायचे. हे उणे चिन्ह विसरलं तर काय होतं ते पुढे सांगतो.

सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका

टोकियो आणि सॅन फ्रान्सिस्को साधारण एकाच अक्षांशावर आहेत. भिंतीवरच्या नकाशात त्यांना जोडणारी रेघ जवळपास आडवी येते. त्या आडव्या रेघेने, म्हणजे अक्षवृत्ताच्या कडेकडेने गेलं, तर अंतर सुमारे ८,७४० किमी भरतं. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला तर तो आपोआप उत्तरेकडे सरकतो, वाटेत साधारण ४८.५ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि मग खाली येतो. त्याची लांबी सुमारे ८,२९० किमी. म्हणजे जो मार्ग नकाशावर वाकडा दिसतो, तो साडेचारशे किलोमीटरने जवळचा आहे.

दोऱ्याचा हा मार्ग म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने गोल कापला की पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटतं ते बृहद्वृत्त, आणि गोलावरचं सर्वांत कमी अंतर नेहमी त्याच्यावरूनच मोजलं जातं. लंडनहून लॉस एंजेलिसला जाणारं विमान ग्रीनलंडवरून का जातं, याचं उत्तर यातच आहे.

आकडेमोड

सूत्र असं आहे (यातला 'कोन' म्हणजे दोन विमानतळांमध्ये पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन):

कोसाइन (कोन) = साइन (पहिला अक्षांश) × साइन (दुसरा अक्षांश) + कोसाइन (पहिला अक्षांश) × कोसाइन (दुसरा अक्षांश) × कोसाइन (रेखांशांतला फरक)

आता आकडे घालू. रेखांशांतला फरक: १३९.७८ वजा (उणे १२२.३८) = २६२.१६ अंश. हा १८० च्या पुढे गेला म्हणून दचकू नका. मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे, आणि उलट बाजूने मोजलं तर हाच फरक ९७.८४ अंश होतो. कोसाइन दोन्हींचं एकच येतं, उणे ०.१३६४.

पहिलं पद: ०.५८१४ × ०.६१०४ = ०.३५४९
दुसरं पद: ०.८१३६ × ०.७९२१ × (उणे ०.१३६४) = उणे ०.०८७९
बेरीज: ०.२६७०

ज्याचं कोसाइन ०.२६७० आहे तो कोन सुमारे ७४.५ अंश. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरली तर पृष्ठभागावरचा एक अंश १११.२ किमीचा. गुणाकार केला की ८,२९० किमीच्या आसपास उत्तर येतं.

स्प्रेडशीटमध्ये हे करताना हमखास चुकतं ते एकाच ठिकाणी: तिथली साइन-कोसाइनची फलं (फंक्शन) अंश घेत नाहीत, रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) घेतात. आधी अंशांचं रेडियनमध्ये रूपांतर करा, नाहीतर उत्तर येईल, पण ते कशाचंच नसेल. आणि उणे चिन्ह विसरलात तर रेखांशांतला फरक १७.४ अंश होतो आणि अंतर येतं १,५७० किमी. आकडा दिसायला पटण्यासारखा असतो, म्हणूनच धोक्याचा. प्रत्यक्षात तुमचं विमान त्या हिशेबाने चीनच्या शांडोंग किनाऱ्याजवळ समुद्रात पोचलेलं असतं.

पृथ्वी काही नेमका गोल नाही. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवाशी ६,३५७ किमी. या चपटेपणामुळे वरच्या सूत्रात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची चूक येते. आपल्या मार्गावर ती चाळीसेक किलोमीटर, म्हणजे उड्डाणाची तीन मिनिटंही नाहीत. जमिनीची मोजणी करणाऱ्यांना ती चालणार नाही, प्रवाशाला चालते.

एकक मात्र तपासा. विमानक्षेत्रात अंतर नॉटिकल मैलात सांगतात आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी. रस्त्यावरचा मैल १.६०९ किमीचा. आपलं ८,२९० किमी म्हणजे सुमारे ४,४७५ नॉटिकल मैल किंवा ५,१५० साधे मैल. नुसतं 'मैल' लिहिलेलं दिसलं की कुठला मैल ते विचारा. दोन्हींत पंधरा टक्क्यांचा फरक आहे.

विमान या रेषेवरून जात नाही

आलेलं अंतर म्हणजे कमीत कमी मर्यादा. प्रत्यक्ष मार्ग त्याहून थोडा लांब असतोच: उड्डाणानंतर वळसा, ठरलेले हवाई मार्ग, वादळं टाळणं, उतरण्यापूर्वीची रांग. लांबच्या मार्गावर तीनेक टक्के वाढवून धरले की साधारण जमतं. आपल्या उदाहरणात ८,२९० चे ८,५४० किमी होतात.

काही ठिकाणी मात्र तीन टक्क्यांनी भागत नाही. हवाई हद्द बंद असणं हे त्यातलं सर्वांत मोठं कारण. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाची हद्द युरोपीय कंपन्यांना बंद झाली आणि हेलसिंकी–टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला. शहरं जागच्या जागी, बृहद्वृत्त जागच्या जागी, वेळ मात्र साडेतीन तासांनी जास्त. अशा मार्गाचा वेळ सूत्राने काढायच्या भानगडीत पडू नका. विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या संकेतस्थळांवर गेल्या आठवड्यातली तीच उड्डाणं उघडा आणि विमानं खरोखर कुठून गेली ते बघा. तिबेटच्या पठारावरही विमानं शक्यतो जात नाहीत. एक इंजिन बंद पडलं किंवा केबिनचा दाब गेला तर खाली उतरावं लागतं, आणि तिथे खाली उतरायला जागाच नाही.

वेग: एक आकडा पुरत नाही

जेट विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या प्रमाणात ठरवतात. अकरा किमी उंचीवर हवा प्रमाण मानाने उणे ५६.५ अंश सेल्सिअस असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किमी. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० सारखी मोठी विमानं त्याच्या ०.८५ पट वेगाने जातात, म्हणजे ताशी ९०० किमी. ए३२० किंवा ७३७ साधारण ०.७८ पट, म्हणजे ८३० च्या आसपास. एटीआर ७२ सारखं पंख्याचं विमान ताशी ५०० किमी धरावं. अंतर काढणारी साधनं सगळ्यांना एकाच वेगाने उडवतात, त्यामुळे छोट्या मार्गावर, जिथे पंख्याची विमानं असतात, तिथे त्यांचा अंदाज हमखास कोसळतो.

चढताना आणि उतरताना विमान या वेगाने जात नाही. शिवाय गेटपासून धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं आणि उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंत येणं आहेच. तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. या सगळ्यासाठी मी सरसकट ४० मिनिटं धरतो. गर्दीच्या विमानतळांना जास्त लागतात, छोट्यांना कमी.

म्हणजे ढोबळ सूत्र असं झालं: वाढवलेलं अंतर भागिले वेग, अधिक ४० मिनिटं. टोकियो–सॅन फ्रान्सिस्कोसाठी ८,५४० भागिले ९०० म्हणजे साडेनऊ तास, अधिक ४० मिनिटं, एकूण १० तास १० मिनिटांच्या आसपास. ५०० किमीच्या मार्गासाठी वेग ८०० धरा: ३८ अधिक ४०, म्हणजे सव्वा तास. छोट्या मार्गावर निम्म्याहून जास्त वेळ जमिनीवर आणि चढण्या-उतरण्यातच जातो, हे यावरून कळेल. याचं अगदी टोक स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवर आहे. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे अंतर अवघं २.७ किमी आणि उड्डाण दोन मिनिटांच्या आत संपतं. दुसऱ्या टोकाला सिंगापूर–न्यूयॉर्क: सुमारे १५,३०० किमी आणि अठरा तासांच्या वर.

वारा

इथेच सगळे हिशेब चुकतात, म्हणून इथे जरा थांबू.

साधारण ९ ते १२ किमी उंचीवर, म्हणजे विमानं उडतात त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे अरुंद पट्टे वाहत असतात. यालाच जेट स्ट्रीम म्हणतात. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले, पण निष्कर्ष एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापले. जगाच्या ते फारसं लक्षात आलं नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकेच्या बी-२९ बॉम्बफेकी विमानांना त्याच वाऱ्याने गाठलं, तेव्हा आलं.

हिवाळ्यात हे वारे जोरदार असतात. गाभ्यात ताशी ३०० किमीच्या पुढेही जातात. विमानाचा हवेतला वेग तोच राहतो, जमिनीसापेक्ष वेग बदलतो. संपूर्ण मार्गावर सरासरी ९० किमीचा वारा धरला तर पूर्वेकडे वेग ९९०, पश्चिमेकडे ८१०. टोकियोहून सॅन फ्रान्सिस्को ९ तास २० मिनिटांच्या आसपास, परत येताना सव्वाअकरा. जवळपास दोन तासांचा फरक.

'जाताना मिळालं, येताना गेलं, हिशेब सारखा' असं वाटतं, पण तसं होत नाही. पश्चिमेकडे जाताना विमान उलट्या वाऱ्यात जास्त वेळ अडकून पडतं, त्यामुळे नुकसान फायद्यापेक्षा थोडं मोठं असतं. ५,५४० किमीच्या लंडन–न्यूयॉर्क मार्गावर ९०० च्या वेगाने वारा नसताना जाऊन-येऊन १२ तास १९ मिनिटं हवेत जातात. १०० चा वारा धरला तर ५ तास ३२ मिनिटं आणि ६ तास ५६ मिनिटं, मिळून १२ तास २८ मिनिटं.

याच मार्गावर फेब्रुवारी २०२० मध्ये, सियारा वादळाच्या वेळी, ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीसापेक्ष वेग ताशी १,३०० किमीच्या पुढे गेला होता. ते ध्वनीपेक्षा वेगाने गेलं असं तेव्हा अनेकांनी लिहिलं, ते चूक. हवेच्या तुलनेत त्याचा वेग नेहमीचाच होता, हवाच पुढे धावत होती. खरोखर ध्वनीच्या पुढे जाणाऱ्या कॉनकॉर्डने १९९६ साली हेच अंतर २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत कापलं.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून वेळेत फरक पडतो, हा जुना गैरसमज अजून भेटतो. हवा पृथ्वीबरोबरच फिरते. फरक वाऱ्याचा आहे.

वाऱ्यासाठी विमानं वाटही बदलतात. उत्तर अटलांटिकवर तर रोज नवे मार्ग आखले जातात: दिवसा पश्चिमेकडे जाणारे आणि रात्री पूर्वेकडे येणारे वेगळे. टोकियोहून अमेरिकेला जाणारी विमानं जेट स्ट्रीम पकडायला बृहद्वृत्ताच्या बरीच दक्षिणेने जातात. लांब वाट, पण लवकर पोचतात.

प्रवाशाने करायचं ते इतकंच: मार्ग मुख्यतः पूर्व-पश्चिम असेल तर दोन दिशांचा वेळ वेगळा काढा. मध्यम अक्षांशांत ९० ते १०० किमीचा वारा हिवाळ्यासाठी धरा, उन्हाळ्यासाठी बराच कमी. उत्तर-दक्षिण मार्गावर आणि विषुववृत्ताजवळ वारा सोडून दिला तरी चालतं.

तिकिटावरच्या वेळा वाचणं

तिकिटावर निघायची वेळ निघायच्या शहराची आणि पोचायची वेळ पोचायच्या शहराची असते. दोन्ही यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आणा आणि मग वजा करा. समजा हिवाळ्यात टोकियोहून संध्याकाळी ५ वाजता निघून विमान त्याच तारखेला सकाळी ९:३० ला सॅन फ्रान्सिस्कोत उतरतं. निघण्याआधीच पोचल्यासारखं दिसतं. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, म्हणजे निघाले ८:०० ला. सॅन फ्रान्सिस्को ८ तास मागे, म्हणजे उतरले १७:३० ला. साडेनऊ तास.

उन्हाळी वेळ सुरू झाली की सॅन फ्रान्सिस्को ७ तासच मागे राहतं. जपान घड्याळं हलवत नाही. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत लंडन–न्यूयॉर्क फरक पाचाऐवजी चार तासांचा असतो आणि तेव्हा जोडविमान चुकवणारे लोक दरवर्षी सापडतात. भारत साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा. फरक पूर्ण तासांचाच असतो असं धरू नका.

प्रमाणवेळा शोधायचा कंटाळा असेल तर एक युक्ती आहे. जातानाच्या आणि येतानाच्या वेळांमधली घड्याळी तफावत काढा, बेरीज करा, दोनाने भागा. जाताना ५ वाजल्यापासून त्याच दिवशीचे ९:३०, म्हणजे उणे साडेसात तास. येताना सकाळी ११:३० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी ३:३०, म्हणजे अधिक अठ्ठावीस. बेरीज साडेवीस, निम्मे सव्वादहा तास. प्रमाणवेळेतला फरक एकदा अधिक आणि एकदा उणे होऊन उडून जातो आणि हाती सरासरी उड्डाणवेळ उरते. आपल्या ढोबळ सूत्राने दहा तास दहा मिनिटं दिली होती. एवढं जुळलं की समजावं, कुठे उणे चिन्ह सुटलेलं नाही.

तिकिटावरच्या वेळेत कंपन्या थोडी सैल जागाही ठेवतात, उशीर झाला तरी वेळेवर पोचल्याची नोंद व्हावी म्हणून. वीस मिनिटं आधी उतरलात तर वैमानिकाने गाडी हाणली असं नसतं.

विमान बदलायचं असेल तर

तिकिटावर 'डायरेक्ट' लिहिलं म्हणजे विमान मध्ये उतरणार नाही असं नाही. एकाच क्रमांकाचं विमान वाटेत उतरून पुढे जाऊ शकतं. न थांबणारं हवं असेल तर 'नॉनस्टॉप' शोधा.

मधलं शहर निवडताना दोन टप्प्यांची बेरीज करून ती थेट अंतराशी ताडून बघा. लंडन–सिडनी थेट सुमारे १७,००० किमी. सिंगापूरवरून १०,९०० अधिक ६,३००, म्हणजे १७,२००. वळसा जवळपास नाहीच. लॉस एंजेलिसवरून ८,७६० अधिक १२,०५०, म्हणजे २०,८००. चार-पाच तासांचा जास्तीचा प्रवास. शिवाय प्रत्येक थांब्यामागे ती ४० मिनिटं पुन्हा मोजावी लागतात आणि वर थांबण्याचा वेळ. दहा टक्क्यांपर्यंतचा वळसा मी सोडून देतो. त्यापुढे गेला तर भाडं बरंच कमी असल्याशिवाय घेऊ नये.

रस्ता, रेल्वे आणि दारापासून दारापर्यंत

रस्त्याचं अंतर हवाई अंतरावरून काढायचं तर सपाट प्रदेशात सव्वापट ते एक तृतीयांश जास्त धरतात. डोंगर मध्ये आला की हा नियम गुंडाळून ठेवा. अर्जेंटिनातलं मेंडोझा आणि चिलीतलं सँटियागो यांच्यात हवाई अंतर सुमारे १८० किमी, पण अँडीज ओलांडणारा रस्ता साडेतीनशेच्या पुढे. हिवाळ्यात बर्फाने तोही बंद पडतो. असा मार्ग असेल तर सरळ नकाशावरचा रस्ताच मोजा.

साधारण ६०० किमीच्या आत असलेल्या शहरांसाठी नुसत्या उड्डाणवेळेची तुलना करू नये. माद्रिद–बार्सिलोना उड्डाण सव्वा तासाचं, तर २००८ पासूनची वेगवान रेल्वे अडीच तासांत जाते. विमानाच्या बाजूला घर ते विमानतळ, तपासणी, गेटवर थांबणं, सामानाची वाट आणि विमानतळ ते शहर हे सगळं लिहिलं की सव्वा तासाचे चार तास होतात. रेल्वे शहराच्या आतून निघते आणि आतच पोचते. फ्रान्सने २०२३ मध्ये तर रेल्वेने अडीच तासांत होणाऱ्या काही देशांतर्गत मार्गांवरची विमानंच बंद केली.

लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात उड्डाणाआधी तीन तास आणि उतरल्यावर इमिग्रेशन व सामानासाठी दीड तास धरा. टोकियो–सॅन फ्रान्सिस्कोच्या साडेनऊ तासांचे घरापासून मुक्कामापर्यंत पंधरा-सोळा होतात. कोणी घ्यायला येणार असेल तर त्यांना विमानाची उतरायची वेळ सांगा आणि त्यापुढे तास-दीड तासाने या म्हणून सांगा. आणि निघायच्या दिवशी आपल्या उड्डाणाचा क्रमांक टाकून आधीच्या तीन-चार दिवसांत ते प्रत्यक्ष किती वाजता टेकलं ते बघून घ्या. सूत्रापेक्षा ते ताजं असतं. त्या आठवड्याचा वारा त्यात आलेला असतो.